ज्याचा कचरा त्याच्या दारात

लग्न होऊन या सोसायटीत आले त्याला दोनच महिने झाले होते. मीटिंगमध्ये नव्या सुनेनं बोलायचं नसतं, हे मला कुणी न सांगताच कळलं होतं.

पण त्या रविवारी कचरा नेणाऱ्या सगुणाबाई हाताला फडकं बांधून समोर उभ्या होत्या. कुणीतरी फुटका ग्लास शिळ्या भातात टाकला होता. वर पालिकेच्या गाडीनं मिसळलेला कचरा नाकारला, म्हणून चेअरमन टिपणीसकाका त्यांनाच कामावरून काढायची धमकी देत होते.

"ओला-सुका आम्ही करत बसायचं? मग बाई कशाला ठेवलीय? उद्यापासून हिनंच निवडायचा, नाहीतर दुसरी बघू!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं तापलं.

"काका, ठरावात एवढंच घाला," मी म्हणाले. "ज्याचा कचरा त्याच्याच दारात, पेपर पसरून, एकेक वस्तू बाहेर काढून निवडायचा. सुरुवात तुमच्यापासून. बाई नीट काम करतात का, ते बघायला आम्ही सगळे येऊ."



तेवढ्यात टिपणीसकाकू ताडकन उठल्या. "काही नको! आमच्याकडे दोन डबे आहेत. उद्यापासून हेच वेगळा करतील!"