कढईची खरवड

लई वर्सांमागं आमच्या बाजारतळावर गेनू पेढेवाल्याचं दुकान हुतं. खवा आटला की गेनू कढईच्या बुडाला चिकटलेली गोड खरवड उलथण्यानं काढायचा आन पोरांच्या हातावर फुकट ठेवायचा. त्या खरवडीपायी पोरं आईबापाला ओढत दुकानात आणायची.

एक दिवस कढई उलथण्यावर भडकली. "रोज मला खरडतोस! ह्या शेंबड्या पोरांसाठी मी का सोसू?"

"आगं, त्यांच्यामागनंच गिऱ्हाईक येतंय."

"गप ए! उद्यापासनं बुडाला कायबी चिकटू द्यायची न्हाई."

माज, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी खवा निघाला आन कढई लख्ख.

"गेनूकाका, खरवड?" एका पोरीनं हात पुढं केला.

"न्हाई गं बाय. आज लागलीच न्हाई."

पोरगी बापाला ओढत समोरच्या भेळवाल्याकडं गेली. हळूहळू सगळीच गेली. दिवाळीच्या आत दुकान बंद पडलं.

कढई दुकानामागं उकिरड्यावर पडली. अंगभर गंज चढला. "उलथण्या, जरा खरड रं मला," ती रडायची, "गंज लई खातोय."

उलथणं तिथं हुतं कुठं? गेनूनं ते इकलं हुतं. समोर पोरांच्या घोळक्यात ते भेळवाल्याचे शेंगदाणे परतत हुतं.