कोंसूचा उलटा खेकडा

तारवड्याच्या धक्क्यावरून वर आलात की उजव्या हाताला हा लाल कातळ लागतो. चपला काढू नका, हा देव नाही. इथे कोणी नारळ फोडत नाही, नवस बोलत नाही. जरा वाकून नीट बघा. जांभ्या दगडाला भोकं असतातच, त्यात नवल ते काय? पण ही भोकं ओळीने आहेत. करंगळी जाईल एवढी रुंद, बोटभर खोल, आणि मधोमध बघाल तर त्यांचा चक्क खेकडा झालाय. उजवी नांगी ही एवढी मोठी, डावी बारकीशी. खाडीच्या चिखलात फिरतात ना, तसला. बाहेरून येणारे शहाणे लोक सांगतात की इथे पांडवांनी सारीपाट मांडला होता. पांडवांना तेवढाच उद्योग होता का? हे काम एका बाईचं आहे, कोंसूचं. आणि ते तिने भर उन्हात, साऱ्या गावादेखत, एका माणसाच्या नाकावर टिच्चून केलं असं सांगतात.

गोष्ट कधीची, ते छातीठोकपणे कोणी सांगत नाही. खाडीत फिरंग्यांची गलबतं यायची तेव्हाची, एवढंच. त्या काळी तारवड्यातल्या बायका कांड्यांवर लेस विणायच्या, ख्रिस्तांव घरातल्याही आणि हिंदू घरातल्याही. तुमच्यातल्या ज्या बायका आपापल्या उशा काखोटीला मारून आल्यात त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांनी ऐका. काथ्या ठासून भरलेली उशी असते. तिच्यावर भोकं टोचलेला जाड कागद ठेवायचा. भोकाभोकात टाचणी रोवायची. दोरे गुंडाळलेल्या पोफळीच्या कांड्या जोडीजोडीने हातात घ्यायच्या आणि टाचण्यांभोवती फिरवत जायचं. फुली, पीळ, टाचणी. परत फुली, पीळ, टाचणी. सुईचं नावसुद्धा नाही. सगळी विद्या त्या टोचलेल्या कागदात. कागद नसेल तर कांड्या नुसत्या खुळखुळवत बसायचं.

आणि गावातले सगळे कागद मिंगेल कोठीकाराच्या पेटीत बंद होते. दोरा त्याचा, माल गलबतावर चढवायचा तो त्यानेच. सकाळी कागद द्यायचा, दिवस मावळायच्या आत परत घ्यायचा. एकीला काठाचा, दुसरीला फुलाचा, तिसरीला जाळीचा. एकीने दुसरीच्या उशीत डोकावायचं नाही, डोकावली की दोरा बंद. म्हणजे बघा, गावभर लेस विणणाऱ्या बायका, पण अख्खा रुमाल एकीलाही येऊ नये अशी तजवीज! मिंगेलने स्वतः जन्मात कधी कांडी हातात धरली नव्हती, हे लक्षात ठेवा.

कोंसू ही चिरे काढणाऱ्या आंतोनची विधवा. काठ सरळ जातो तोवर कोणीही विणेल, खरी मेख कोपऱ्याशी असते. तिथे दोरे वळत नाहीत. बायका कोपऱ्याशी आल्या की दोरे कापायच्या, गाठी मारायच्या, आणि ती गाठ पहिल्या धुण्यात सुटायची. कोंसूने या एका कोपऱ्यापायी तीन वर्षं डोकं पिकवलं. शेवटी म्हणे धक्क्यावर बसून चिखलातले खेकडे बघताना तिला सुचलं. तिरकं चालत जायचं, एकेक जोडी मागे ठेवत. तिने तसा कागद टोचला, मधे कौतुकाने खेकडाच काढला, आणि एकही दोरा न तोडता रुमालाचा कोपरा वळवून दाखवला. बायकांनी तो रुमाल डोळ्यांना लावला. आणि मिंगेलने दुसऱ्याच दिवशी तो कागद पेटीत टाकून कुलूप घातलं.

वर तिला बोलावून, घरातल्या क्रुसासमोर उभं करून सांगितलं, "कुर्सासमोर शपथ घे. हो कोपरो माझ्या सुनेक सोडून कोणाक दाखवचंय नाय म्हणान."

कोंसूच्या डोळ्यांत तेव्हा फूल पडायला लागलं होतं. उजव्या डोळ्याने माणूस दिसायचा, पण चेहरा दिसायचा नाही. डावाही त्याच वाटेवर होता. तिला कळून चुकलं होतं की आपल्याकडे फार तर वर्ष आहे. त्यानंतर हा कोपरा पेटीत जाणार आणि तारवड्याच्या बायका पुन्हा जन्मभर गाठी मारत बसणार. तिचं काळीज तुटलं ते डोळ्यांपायी नाही, त्या गाठींपायी.

ती म्हणाली, "तुझो दोरो तुका. पण कोपरो माझ्या डोक्यातसून इलो, तुझ्या पेटयेतसून नाय. मी शपथ घेवचंय नाय."

झालं! मिंगेलच्या गड्यांनी तिची उशी नेली, कांड्या नेल्या, टाचण्यासुद्धा वेचून नेल्या. जी बाई कोंसूच्या ओटीवर बसेल तिचा दोरा बंद, अशी दवंडीच फिरली. आता दोरा बंद म्हणजे चूल बंद. बायका वाकडी वाट करून जायला लागल्या. शेजारची भागी, गाबीत वाड्यातली, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीतली, तिची जिवाभावाची मैत्रीण, तीही विहिरीवर मान खाली घालून पाणी भरायची. कोंसूने आपली घागर भरली. घरात गेली, नवऱ्याची छिन्नी-हातोडी कणगीमागून काढली आणि या कातळावर येऊन बसली.

जागा बघा कशी निवडली! धक्क्यावर जाणारा, बाजाराला जाणारा, चर्चला जाणारा, सगळ्यांचा रस्ता इथूनच. झाडाचं पान नाही सावलीला. तिच्याकडे राहिलेली एकच गोष्ट म्हणजे तो पहिला रुमाल, चोळीत लपवलेला. तो तिने कातळावर पसरला आणि बोटाने मापं घेत एकेक भोक पाडायला सुरुवात केली. रुमालावर जे बोटभर, ते इथे हातभर. मिंगेल समोरच्या आपल्या माडीवरून ओरडला, "काय करतंस गो?"

"कागद करतंय," ती म्हणाली. "आता ह्येका कुलूप घालून दाखव."

दिसेनासं होत आलेली बाई दगडावर काय काढणार, म्हणून मिंगेलने लक्ष दिलं नाही, आणि चाळीस दिवस ती छिन्नी वाजत होती म्हणतात. बायका जाता-येता कान देऊन ऐकायच्या आणि न ऐकल्यासारखं करायच्या. एकोणिसाव्या दिवशी भागी मासळीची पाटी घेऊन जात होती. ती थबकली. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "गो कोंसूबाय, खेकडो उलटो झालो तुझो!"

खरंच उलटा झाला होता. ही चूक लेसवालीच करू जाणे. विणताना लेसचं तोंड उशीकडे असतं आणि पाठ आपल्याकडे. म्हणून टोचलेल्या कागदावर खेकड्याची मोठी नांगी डावीकडे असते, आणि रुमाल उशीवरून काढून सुलटा केला की ती उजवीकडे येते. कोंसूने कागदाऐवजी सुलट्या रुमालावरून मापं घेतली, आणि कातळावरची नांगी उजवीकडे गेली. कोणी कोणी आता चढवून सांगतात की तिने हे मुद्दाम केलं, पुढचं सगळं तिला आधीच दिसत होतं. काही दिसत नव्हतं! ती चुकली होती. तिने त्या भोकांवरून हात फिरवला, छिन्नी टाकली आणि ढसाढसा रडली. "शिरा पडो माझ्या हातार," म्हणाली. एकोणीस दिवस पाण्यात गेले, आणि दुसरा कातळ टोचायला डोळे कुठून आणायचे?

मग तिने नाक पुसलं. "उलटो तर उलटो," ती भागीला म्हणाली. "खेकडो खंय सरळ चलता?" आणि पुन्हा छिन्नी उचलली.

चाळिसाव्या दिवशी शेवटचं भोक झालं तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तो रविवार होता, नाताळ नुकताच झालेला. चर्च सुटलं, रस्त्यावर माणसं आली. कोंसूने कातळाच्या भोकांत बांबूच्या खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, टाचण्यांच्या जागी. दोऱ्याऐवजी सुंभ, कांड्यांऐवजी हातभर लांबीचे पोफळीचे दांडके. बारा जोड्या मांडून ती कोपऱ्याशी बसली आणि समोर कोण आहे हे न दिसता मोठ्याने ओरडली, "बारा जोड्यो आसत, माका हात दोनच. कोण धरता?"

सगळ्यांच्या माना वर वळल्या. माडीवर मिंगेल उभा होता, सगळ्यांना दिसत होता. भागीने डोक्यावरची पाटी उतरवली, पदर खोचला आणि पहिली जोडी उचलली. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. मग कोणी मोजलं नाही. बारावी जोडी धरायला आली ती मिंगेलची सून नातालीन, आणि ती तर माडीवरून सासऱ्याच्या अंगावरून उतरून आली होती! कोंसू सांगत गेली, बायका कातळावर चालत गेल्या. "भागी, फुली. नातालीन, पीळ. खुंटी सोडू नकात." साऱ्या गावाने डोळ्यांनी बघितलं की कोपरा कसा वळतो. जिने आयुष्यात फक्त काठ विणला तिने फूल बघितलं, जिने फूल विणलं तिने जाळी बघितली.

मिंगेल आला तो घण घेतलेले दोन पाथरवट आणि गावकार, म्हणजे गावाचे मुख्य, यांना घेऊनच. "सोडा जोड्यो!" तो गरजला. एकीनेही सोडली नाही. जोडी सुटली की पीळ सुटतो आणि सगळं विणकाम ढिलं पडतं, हे त्याला कोण सांगणार? बारा बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याने गावकारांना सांगितलं की माझ्या पेटीतला नमुना या बाईने चोरून दगडावर काढलाय, तेव्हा दगड फोडायचा.

गावकार म्हणाले, "नमुनो दाखव. जुळलो तर फोडूया."

मिंगेलने पेटीतला कागद आणला, कातळावर ठेवला आणि वाकून बघू लागला. कागदावर मोठी नांगी डावीकडे. कातळावर उजवीकडे. त्याने दोनदा बघितलं. मग तो पोट धरून हसायला लागला. "म्हातारेन नासवल्यान! चाळीस दिवस टोचून उलटो खेकडो! असलो नमुनो माझ्या कोठीत ठेवूक पण मी देवचंय नाय."

"म्हंजे हो तुझो नाय?" गावकारांनी विचारलं.

"माझो? छ्या! हो माझो नाय."

कोंसूने मान वर केली. "मोठ्यान सांग मिंगेलबाब. माका दिसणा नाय, ऐकाक तरी येवंदे."

"हो नमुनो माझो नाय!" तो पुन्हा हसत म्हणाला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा.

तेव्हा भागी आपली जोडी नातालीनच्या हातात देऊन पुढे झाली. तिने तो कागद दोन बोटांनी उचलला, नुसता पालथा केला आणि परत जागेवर ठेवला. भोकं ती आरपारच. मोठी नांगी उजवीकडे आली. काठाला काठ, फुलाला फूल, खेकड्याला खेकडा. आधी बायका हसल्या. मग पाथरवट हसले, घण खाली ठेवून. गावकारांनी हसू दाबलं म्हणतात, पण मिशी हललीच. मिंगेलने कागदाकडे हात टाकला तसे ते म्हणाले, "बोललंस तां बोललंस. दोन वेळा बोललंस."

मिंगेलने दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा दोरा बंद केला, करणारच होता. बायकांनी दोन महिने कोंड्याची पेज पिऊन काढले, पण त्याच्या दारात एकही गेली नाही. मग भागीच्या दिराच्या होडीतून त्यांनी स्वतः दोरा आणला आणि स्वतःच लेस गलबतावर चढवली. पण ते पुढचं. त्या रविवारी कोपरा पुरा झाला तेव्हा बायकांनी कोंसूला हाताला धरून त्या कोपऱ्यापाशी नेलं. तिने सुंभावरून बोटं फिरवली, या काठापासून त्या काठापर्यंत.

"खंय गाठ नाय मा?" तिने विचारलं.

"नाय गो," भागी म्हणाली.

"मगे झाला," कोंसू म्हणाली, आणि तिथेच कातळावर बसून तिने भागीच्या पाटीतलं पाणी सुटलेलं लोणचं-भाकर मागून खाल्लं.

आजही नाताळानंतरच्या रविवारी तारवड्याच्या बायका इथे खुंट्या ठोकतात. हल्ली पुण्या-मुंबईच्या, कुठल्या कुठल्या हौशी बायका येतात, पुरुषही येतात. कोण, कुठची, कोणाची, असं कोणी विचारत नाही. रिकामा हात दिसला की त्यात जोडी देतात. मागल्या साली एका पाहुण्या बाईने मात्र फार अदबीने विचारलं, "हा नमुना उतरवून घेतला तर चालेल का? परवानगी कोणाची घ्यावी लागेल?"

आमच्या ऐंशी वर्षांच्या फिलूकाकी अशा काही भडकल्या की कांड्या थांबल्या. "परवानगी? गो बाये, परवानगी मागलंस तर ती देवक कोणीतरी मालक उभो करूचो लागतलो. एक होतो तो घालवलो. धर ती जोडी!"