ठमायची पट्टी

खाडीवर पूल नव्हता, बोरकुंडातली चूल भरती-ओहोटीच्या हिशेबाने पेटायची, तेव्हाची ही गोष्ट आहे, मंडळी.

तिथे ठमाय नावाची म्हातारी कोळीण राहायची. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन तिच्यामागे शिंपल्या वेचायला निघायच्या. ठमाय आधी पाखरं बघायची. आखूड चोचीचा चिखल्या दोन पावलं धावायचा, थबकायचा, वरचा किडा टिपायचा. तुतवार बोटभर खाली शोधायचा. आणि कोरलाची ती वाकडी, हातभर चोच! तिच्या टोकालाच जणू डोळे. खोल बिळातला खेकडा ओढून काढायची.

"देवाने एकाच ताटात तिघांना वाढलंय," ठमाय म्हणायची. "आपण चौथ्या. दम धरा गं, भवान्यांनो!"

पाखरं उठेपर्यंत ती कुणाला चिखलात पाऊल टाकू द्यायची नाही, असं म्हणतात.

मग एक साल आलं, जाळ्यात मासळी नाही, खाचरात दाणा नाही. ठमायची सून सगुणा बाळंत झालेली, अंगावर दूध नाही. फाल्गुन लागला होता. खाडीच्या तोंडाशी चिखलाच्या एका पट्टीवर तेवढ्या शिंपल्या उरल्या होत्या, आणि दर सालासारखी उत्तरेच्या लांबच्या वाटेला लागण्याआधी पाखरं तिथेच अंग भरत होती.

"आत्याबाय, पाखरांना पंख आहेत," सगुणा म्हणाली. "मी ह्या पोरीला घेऊन कुठं जाऊ?"

ठमाय पाखरांच्या आधी उतरली. एकच टोपली म्हणून उतरली. पण तिनेच रीत मोडल्यावर गाव कशाला थांबतंय? कुदळी आल्या. शिंपल्यांची बारीक पिल्लंसुद्धा उरली नाहीत. बियाणंच दळून खाल्लं म्हणा ना.

पाखरं आली. चिखल्या धावला, थबकला, पुन्हा धावला. कोरलांनी डोळ्यांपर्यंत चोची खुपसल्या, रिकाम्या काढल्या. तशीच उपाशी उडाली. दुसऱ्या दिवशी भरतीने किनाऱ्याला नुसती पिसं आणली.

नात जगली. पाखरं मात्र पुढल्या साली आली नाहीत, त्याच्या पुढल्याही नाहीत. ठमाय रोज पट्टीवर बसून कोरलासारखी शीळ घालायची. बोटं चिखलात रुतवून शोधायची. शोधता शोधता तिची बोटं लांब झाली, वाकली, असं म्हणतात. एका भरतीला ती उठलीच नाही.

आजही फाल्गुनात त्या पट्टीवर कुणी शिंपली वेचत नाही. गावातली नवी बाळंतीण तिथे जिवंत शिंपल्या सोडते, आभाळाकडे बघून "या गं, या" म्हणते आणि पाणी गुडघ्याला लागेपर्यंत उभी राहते. पाखरं काही येत नाहीत. तरी पुढल्या साली दुसरी जाते.