तात्यांचा बसलेला घसा

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा कोण होता ते मला विचारू नका, त्याचं या गोष्टीत काही काम नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात तात्या नावाचे एक गृहस्थ मुलांना खो-खो शिकवायचे.

खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. आठ जण ओळीत बसतात आणि नववा पळणाऱ्याच्या मागे धावतो. दमला की बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणतो, मग तो गडी उठतो. खो मिळायच्या आधी उठलं की चूक.

तात्यांना खेळ उत्तम यायचा. माणूसही मनाचा वाईट नव्हता, पण तोंडाला म्हणून विश्रांती नाही. रेषेवर उभं राहून सारखं चालूच. "ऊठ. पळ. डावीकडे बघ. डोळे काय घरी ठेवून आलीस?" तात्या "थांब" म्हणाले की पलीकडच्या शेतातले बैलसुद्धा थांबायचे, असं लोक सांगतात.

त्यांच्या संघात सगुणा नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. पंधरा वर्षं पुरी झाली की खेळ सोडून घरच्या कामाला लागायचं, ही त्या गावची रीत. म्हणजे यंदाच्या जत्रेतला सामना हा सगुणाचा शेवटचा. त्या सामन्यासाठी ती वर्षभर जीव तोडून खेळत होती.

आणि एके दिवशी सरावात खो मिळायच्या आधीच ती उठली.

"तुझ्यापेक्षा दगड बसवलेला बरा," तात्या सगळ्यांसमोर कडाडले. "निदान जागचा हलत तरी नाही."

सगुणाने कमरेची लाल पट्टी सोडली, नीट घडी करून तात्यांच्या पायाशी ठेवली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी ओरडून ओरडून तात्यांचा घसा बसला. वैद्यबुवांनी बजावलं, आठ दिवस ब्र काढायचा नाही. तात्या मुकाट्याने रेषेवर उभे राहिले आणि सराव सुरू झाला. पण गंमत बघा, पाठीवर खो पडला तरी एकही मूल उठेना. सगळी तात्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

एक पोरगा बिचकत म्हणाला, "तात्या, तुम्ही अजून 'ऊठ' म्हणाला नाहीत."

तात्यांना एकदम सगुणा आठवली. त्या दिवशी सगुणाच्या शेजारच्या मुलीला त्यांनीच "ऊठ" म्हणून ओरडून सांगितलं होतं. सगुणा उगीच उठली नव्हती. तिने त्यांचंच ऐकलं होतं.

लाल पट्टी घेऊन ते तडक तिच्या घराकडे निघाले. कुंपणापाशी पोचले आणि तिथेच थबकले. अंगणात सगुणा आपल्या धाकट्या बहिणीला, ठकूला, खो-खो शिकवत होती.

"डोळे काय घरी ठेवून आलीस? तुझ्यापेक्षा दगड बसवलेला बरा."

शब्द तात्यांचे होते. सूरही तोच. ठकूचे ओठ थरथरत होते. तात्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

ते आत गेले. बोलता तर येत नव्हतं. मग ते सगुणाकडे पाठ करून अंगणात खेळाडूसारखे उकिडवे बसले. पट्टी हातात धरली आणि वाट बघत राहिले. गुडघे कुरकुरत होते, तरी हलले नाहीत.

बराच वेळ गेला. मग त्यांच्या पाठीवर एक हात हलकेच टेकला.

"खो," सगुणा म्हणाली.

तात्या उठले. वैद्यबुवांचं सांगणं मोडून फाटक्या आवाजात पुटपुटले, "त्या दिवशी 'ऊठ' मी ओरडलो होतो, पोरी. चूक माझी होती. येशील ना?"

सगुणाने डोळे पुसले आणि पट्टी कमरेला बांधली. मग ठकूला जवळ ओढून तिच्या केसांतून हात फिरवला.

जत्रेच्या दिवशी तात्यांचा घसा मोकळा झाला होता. ऐन रंगात आलेल्या डावात सगुणा पुन्हा आधी उठली. तिने घाबरून रेषेकडे पाहिलं. सगळं गाव श्वास रोखून तात्यांकडे बघत होतं.

"असू दे," तात्या म्हणाले. "पुढचा डाव बघ."

गाव एका गुणाने हरलं. पण त्या वाक्यानंतर सगुणा जशी पळाली तसं तिला कुणी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ठकू संघात आली. कामं उरकून सगुणा संध्याकाळी रेषेवर येऊन उभी राहायची. एकदा ठकू खो मिळायच्या आधीच उठली आणि रडवेली झाली.

"असू दे," सगुणा म्हणाली. "पुढचा डाव बघ."

झाडाखाली बसलेल्या तात्यांनी ते ऐकलं आणि उपरण्याने डोळे टिपले.

म्हणून सांगतो, मुलं आपण शिकवलेला खेळ पुढे नेतात, तसे तो शिकवताना वापरलेले शब्दही पुढे नेतात.