पोथीत नसलेली माशी

एका गावात एक पंडित होता. उन्हात गेलं की त्याचं डोकं दुखायचं, म्हणून गावातल्या सगळ्या जिवांची पोथी तो ओसरीवर लोडाला टेकूनच लिहायचा. पोथीत ज्या जिवाचं नाव, त्याचं घर कुणी मोडायचं नाही, असा त्या गावाचा नियम होता. नियम चांगला होता. पोथी मात्र या आळशाच्या हातात होती, आणि संताप येतो तो त्याचाच.

त्याच गावात एक माळीण वांगी पिकवायची. एके दिवशी ती धापा टाकत ओसरीपाशी आली.

"पंडितबुवा, देवळामागच्या उतारावर एक निराळीच माशी राहते. पोटावर निळे पट्टे आहेत. पोळं बांधत नाही, जमिनीत भोक पाडून एकेकटी राहते. जत्रेसाठी परवा तो उतार चोपणार आहेत. आजच्या आज तिची नोंद करा."

"मध किती देते?"

"मध नाही देत. पण वांग्याच्या फुलाला मिठी मारून अशी गुणगुणते की आतले पराग भुरभुर गळतात. म्हणून तर वांगी धरतात. तीन वर्षं बघतेय मी."

"मध नाही, पोळं नाही. घरातलीच माशी असेल एखादी."

"देऊळ चार पावलांवर आहे. येऊन बघा तरी!"

पंडिताने बाहेर पाहिलं. ऊन होतं. त्याने पोथी उघडली आणि न बघितलेल्या माशीबद्दल लिहून टाकलं, 'घरमाशीच आहे. निराळं नाव देण्याचं कारण नाही.'

तिसऱ्या दिवशी माणसं धुम्मस घेऊन उतारावर आली. माळीण आडवी उभी राहिली.

"पोथीत आहे का तुझी माशी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हो बाजूला."

उतार चोपला, वरून शेणाने सारवला, रांगोळीही काढली. आत अळ्या होत्या, आयांनी त्यांच्यासाठी साठवलेले पराग होते. सगळं तिथेच गाडलं गेलं.

पुढच्या वर्षी वांग्याची झाडं फुलांनी भरली आणि फुलं तशीच गळून गेली. साऱ्या गावात भाजीला वांगं मिळेना. तेव्हा कुठे पंडित छत्री घेऊन मळ्यात आला.

"दाखव ती माशी. नवी जात म्हणून सविस्तर वर्णन लिहितो. तुझंच नाव देतो तिला."

माळीण खुरपं टाकून उठली. "कुणाला देता नाव? तिच्या डोळ्यांचा रंग माहीत आहे तुम्हाला? संध्याकाळी नर कुठल्या काडीला लटकून झोपायचे, ते माहीत आहे? मला लिहिता येत नाही म्हणून तुमच्या दारी आले होते मी. आता लिहा, 'होती'. तेवढं लिहायला उन्हात यावं लागत नाही."

तात्पर्य: लिहिणाऱ्याने आधी उठून बघावं, नाहीतर ज्याने बघितलंय त्याचं ऐकावं. दोन्ही जमत नसेल, तर लेखणी खाली ठेवावी.