हबशिणीची जाळी

डोंगरीवरच्या हबशिणीच्या जाळीला कोयत्याचं लोखंड लावायचं नाही आणि का, ते विचारायचं नाही. हा नियम मला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक आहे. जाळी म्हणजे झाडांवर चढणारी काटेरी वेल. काटे आकड्यासारखे मागे वळलेले. आत शिरताना वाट देतात, बाहेर येताना धरून ठेवतात. पौषात शेंगा लालभडक होतात.

गावातल्या ज्या मुलीचं लग्न ठरलं असेल, तिनं पौष पौर्णिमेला जाळीतली वाट उघड्या हातांनी ओढून बंद करायची. माझ्या आईनं केली. तिच्या उजव्या हाताचं एक बोट तेव्हापासून वाकत नाही. जाळं विणणं सुटलं ते सुटलंच. यंदा पाळी माझी होती.

होणाऱ्या सासरची माणसं जाळीपुढं चटईवर बसली होती. गावातले सगळ्यांत म्हातारे धाकूआजोबा त्यांना जाळीची गोष्ट सांगत होते.

फार पूर्वी आफ्रिकेहून आलेलं एक गलबत इथं फुटलं म्हणे. त्यावर बकऱ्या कोंडायला काट्यांचं कुंपण होतं. त्याच्याच बिया डोंगरीवर रुजल्या. माणसांत वाचली एकटी झैनब, एक हबशीण. तिनं जाळी वाढवली, आत बकऱ्या राखल्या. गावानं तिला पाणवठ्यावर कधी येऊ दिलं नाही. मग एकदा खाडीतून लुटारू आले आणि सगळं गाव तिच्याच जाळीत शिरलं. पण वेली ओढून वाट बुजवायची तर ती बाहेरूनच. झैनब बाहेर थांबली. उघड्या हातांनी तिनं वाट बंद केली. लुटारूंनी तिला मारलं, पण गाव कुठं आहे ते तिनं सांगितलं नाही, असं सांगतात. सकाळी पांढऱ्या शेंगा लाल झाल्या होत्या.

"चल गो पोरी, हात पुढं कर," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तेव्हा गावातले पुरुष कुठं होते?"

"आत. आणखी कुठं?"

"सगळे?"

"सगळे. म्हणून तर आपण आहोत."

"कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, चारचौघांत वाद घालायला!" काका ओरडला.

"म्हणजे दरवर्षी एकीला बाहेर ठेवून तुम्ही पुन्हा आत बसता," मी म्हणाले. "मी हात घालणार नाही. लग्न मोडलं तरी."

आईनं माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. बाकी कुणी हललं नाही.

ती सोयरीक मोडली. आजही जाळीतली वाट उघडी आहे. पाहुणे आले की धाकूआजोबा गोष्ट सांगायला बसतात. झैनब बाहेर थांबली, इथपर्यंत येतात आणि चटई गुंडाळायला लागतात.