सोन्याखालचं हसू

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा वाट पावलांनी मोजायचे आणि दिवस सावलीनं. नदीकाठी बुद्धाची एक नगरी होती. सातशे स्तूप, दीडशे विहार, आणि बाजारात मिठापेक्षा उदबत्तीचा खप जास्त. धंद्याला इतकं बरं गाव मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

तिथं एका सकाळी नावेतून एक म्हातारी उतरली. तिचा नवरा पाथरवट होता. त्यांची एकुलती लेक सातव्या वर्षी तापानं गेली. त्याच साली त्यानं इथल्या एका विहारात बुद्ध घडवला आणि त्याच्या ओठांवर लेकीचं हसू कोरलं. म्हातारीनं ती मूर्ती कधी पाहिली नव्हती. कधी गुडघे, कधी शेळ्या, कधी पाऊस. जाणं राहूनच गेलं. आता नवराही नव्हता, आणि डोळे मिटले की लेकीची नुसती वेणी दिसायची, तोंड दिसायचं नाही.

घाटावर एक वाटाड्या भेटला. "आजी, संध्याकाळच्या नावेआधी सगळी नगरी दाखवतो!"

"मला एकसुळ्या हत्तीचा विहार बघायचाय. तिथला हसरा बुद्ध."

"तो पार दुसऱ्या टोकाला. वाटेतले बघत जाऊ."

वाटेत ती प्रत्येक मूर्तीच्या ओठांपाशी थांबायची, निरखायची, मान हलवायची. वाटाड्या हसला. "आजी, सून पसंत करायला आलात की काय?"

"लेक शोधायला आलेय, बाबा."

त्यानंतर प्रत्येक मूर्तीपाशी तो आपणहून थांबू लागला.

ऊन कलताना दगडी हत्ती दिसला. आत ही गर्दी. जो तो मूर्तीच्या तोंडाला सोन्याचा वर्ख चिकटवत होता. ना डोळे, ना नाक, ना ओठ. खांद्यांवर फणसाएवढा एक सोनेरी गोळा.

"तोंड कुठाय?" म्हातारीनं विचारलं.

"आत आहे, आई," वृद्ध भिक्खू म्हणाला. "सगळ्या नगरीत हाच जास्त हसरा. म्हणून लोकांनी वर्खही ह्यालाच जास्त लावला."

म्हातारी म्हणाली, "मीसुद्धा दरवर्षी यात्रेकरूंच्या हाती एक वर्ख धाडला. म्हणायचे, माझ्या लेकीच्या तोंडाला लावा. चाळीस वर्षं कधी चुकवला नाही."

तिनं हात जोडले. "ओठांपुरतं तरी खरवडा."

भिक्खूनं खूप विचार केला. मग शिंपला घेतला आणि हलकेच कड उचलली. बोटभर जाडीचं पूट निघालं. पण इतकी वर्षं कोंडलेल्या ओलीनं आतला दगड भुसभुशीत झाला होता. ओठ पुटाबरोबरच निघून आले. म्हातारीनं ते ओंजळीत धरले, तर त्यांची वाळू झाली.

"अरे, देव फोडला!" लोक ओरडले आणि जवळचा वर्ख घेऊन धावले. बघता बघता तो खड्डाही सोन्यानं भरला.

वाटाड्यानं तिला हात धरून नावेत बसवलं. "आजी, पुन्हा या," असं म्हणायचं त्याच्या तोंडी आलं होतं, पण त्याला ते म्हणवेना.

नाव सुटली. म्हातारीनं वाळूची मूठ आवळून डोळे मिटले. आता वेणीही दिसेना.

म्हणून लहानथोरांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला मढवत बसू नका. तो आहे तोवर जाऊन त्याला डोळे भरून पाहा.